आपली आज्ञाधारक

सरकारने नियम बदलला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत उभ्या उभ्या टोस्ट खात होते. एका नर्सने आत येऊन सांगितलं, "तुम्हा लोकांबद्दल काहीतरी सांगत होते रेडिओवर." तुम्हा लोकांबद्दल! पाच वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहून काम करत होतो, आणि त्या सकाळी मी एकदम 'तुम्ही लोक' झाले. तिचा दोष नव्हता, बिचारीने कामाची बातमी दिली होती. पण माझा राग त्या टोस्टपासून सुरू झाला आणि खरं सांगायचं तर अजून पुरता गेलेला नाही.

साल दोन हजार सहा, महिना मार्च, गाव ब्रिटनमधलं कार्डिफ. मी नागपूरची, भूल देणारी डॉक्टर. धंदाच दुसऱ्याला भूल देण्याचा, त्यामुळे आपल्याला कोणी भूल देत असेल तर ते मला आधी कळायला हवं होतं. पाच वर्षांपूर्वी याच देशाने जाहिराती देऊन आम्हाला बोलावलं होतं. या, परीक्षा द्या, आमच्या हॉस्पिटलांत शिका आणि शिकता शिकता काम करा. मी नवऱ्याला हिंगण्याच्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडायला लावली, सात वर्षांच्या मुलीला शाळेतून काढलं आणि आले. आता नियम असा झाला की ट्रेनिंगची जागा आधी इथल्या किंवा युरोपातल्या डॉक्टरला द्यायची, आणि कोणीच लायक सापडलं नाही तर मग आमच्यासारख्यांना. नव्याने येणाऱ्यांना हा नियम लावला असता तर मी चकार शब्द काढला नसता. पण तो अर्ध्या वाटेवर असलेल्यांनाही लावला. खेळ रंगात आल्यावर नियम बदलायचा, हे आमच्या गल्लीत फक्त ज्याची बॅट असायची तो करायचा.

माझी त्या वेळची जागा ऑगस्टमध्ये संपत होती. पुढची मिळाली नाही तर ट्रेनिंग तिथेच तुटणार, आणि ट्रेनिंगमध्ये काढलेली वर्षं कायम राहण्याच्या हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे ना इथली स्पेशालिस्ट, ना तिथली. पाच वर्षं पाण्यात.

आमच्या हॉस्पिटलात एक मोठे डॉक्टर होते, मराठीच, पस्तीस वर्षांपूर्वी आलेले. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे. गणपतीत आरती सांगणारे तेच, कोणाच्या आईवडिलांचा व्हिसा अडकला तर फोन करणारे तेच. बातमी आली त्याच रविवारी त्यांनी आम्हा आठ जणांना घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीने पोहे केले होते. सर म्हणाले, "आपण एक निवेदन देऊ. सभ्य. हे लोक भाषेला फार मान देतात." आणि माझ्याकडे वळून, "तू लिही. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

मी तिथेच बसून लिहिलं. ज्या अटींवर आम्हाला बोलावलंत त्या अटींवर शिक्षण पुरं करण्याचा आमचा हक्क आहे, असं एक वाक्य त्यात होतं. सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि हक्क हा शब्द खोडला. वर बारीक अक्षरात 'विनंती' लिहिलं.

"हक्क नको गं. आपण पाहुणे आहोत."

पाहुणे! पस्तीस वर्षं राहणारा कसला पाहुणा? आणि कुठला पाहुणा यजमानाला भूल देऊन त्याचं पोट फाडतो आणि शिवून परत देतो? हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ऑगस्टच्या अर्जाला शिफारस सरांचीच लागणार होती. अडला हरी. मी तोंडातले शब्द पोह्यांबरोबर गिळले आणि त्याचा जास्त राग मला स्वतःचा आला.

घरी येऊन मी तो मजकूर मुलीला दिला. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि कॉम्प्युटरवर माझ्या तिप्पट वेगाने टाइप करायची. टाइप करता करता शेवटी थांबली.

"आई, हे काय लिहिलंय शेवटी? 'युअर ओबीडियंट सर्व्हंट'?"

मी पाहिलं. खरंच लिहिलं होतं मी. कोणी सांगितलं नव्हतं, सरांनीही नाही. आमच्या शाळेत आठवीला अर्जलेखन होतं. वरच्या कोपऱ्यात तारीख, डावीकडे 'माननीय मुख्याध्यापक यांस', मग विषय, मग मजकूर आणि खाली उजवीकडे 'आपली आज्ञाधारक'. ते नसेल तर एक मार्क जायचा. पुढे कॉलेजात, हॉस्पिटलात, पासपोर्टच्या ऑफिसात, जिथे जिथे अर्ज केला तिथे तिथे हात आपोआप तेच लिहीत गेला. इंग्रजांनी आपल्याला शिकवलं, ते स्वतः विसरून गेले आणि आम्ही अजून त्याचे मार्क मिळवतोय.

"ओबीडियंट म्हणजे डॉगला म्हणतात ना?" ती म्हणाली.

"राहू दे ते. तशी पद्धत असते," मी म्हणाले. राहिलं ते.

त्याच आठवड्यात तिच्या शाळेत अमेरिकेचा धडा सुरू झाला. वसाहतींचं आणि लंडनच्या सरकारचं भांडण कसं वाढत गेलं आणि त्याची क्रांती कशी झाली, तो धडा. त्यांच्या इतिहासाच्या बाईंनी वर्गाचे दोन भाग केले होते आणि मे महिन्यात वादविवाद ठेवला होता.

"माझा टीम पार्लमेंट आहे," ती म्हणाली. "मी मिनिस्टर. आई, तू कॉलनी हो ना. मला प्रॅक्टिस पाहिजे."

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, बरं, होते कॉलनी. आमच्या घराण्याला अनुभव आहे.

मग रोज संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी आमचं ते सुरू झालं. ती पुस्तकातून सांगायची, मी उत्तर द्यायचे. त्या निमित्ताने मीही तो धडा नीट वाचला, आणि वाचता वाचता लाटणं हातातच राहू लागलं. मला वाटायचं की चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या आणि लगेच बंदुका निघाल्या. तसं नव्हतं. त्याआधी जवळजवळ दहा वर्षं ही माणसं अर्जच करत होती. आमच्यावर कर लावता, पण तुमच्या सभेत आमचा माणूस नाही, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि तेसुद्धा 'महाराजांचे निष्ठावंत प्रजाजन' म्हणून, अगदी वाकून. महाराज चांगले, मंत्रीच वाईट, असं पुन्हा पुन्हा लिहायचे. लढाईला तोंड फुटल्यावरही त्यांनी शेवटचा एक अर्ज पाठवला, आणि राजाने तो हातातसुद्धा घेतला नाही.

"सेम तुझ्यासारखं लिहायचे ते," मुलगी म्हणाली. "हंबल, हंबल, हंबल."

मी तिला सांगितलं की आपल्याकडेही असाच एक होऊन गेला. साताऱ्याच्या गादीचा वकील. कंपनी सरकारने आपल्या राजाला अन्यायाने गादीवरून काढलं, त्याची दाद मागायला तो समुद्र ओलांडून लंडनला आला आणि चौदा वर्षं अर्ज करत बसला. ज्या कंपनीचा चहा त्या लोकांनी समुद्रात फेकला, तीच ही कंपनी. पुढे आमचं नागपूरही तिनेच गिळलं.

"फोर्टीन इयर्स? मग त्याला जस्टिस मिळाला का?"

"नाही. हात हलवत परत गेला."

"मग?"

"मग सत्तावनच्या उठावात सामील झाला म्हणतात."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग पार्लमेंटच्या बाजूने म्हणाली, "पण आई, कॉलनीवाले पण चांगले नव्हते. त्यांच्याकडे स्लेव्ह होते. आणि लँड पण त्यांची नव्हती." खरं होतं ते. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून ओरडणाऱ्यांच्या घरात दुसऱ्याची माणसं विकत घेऊन ठेवलेली होती. पोर हुशार आहे, मी मनात म्हटलं, आणि त्या दिवशी तरी मला तिचं कौतुक वाटलं.

निवेदनाचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं. आठही जणांना एकच पत्र, शब्दाला शब्द, फक्त वरची नावं वेगळी, आणि त्यातही माझं आडनाव चुकलेलं. परदेशी डॉक्टरांनी केलेल्या सेवेची सरकारला जाणीव आहे. नियम सर्वांना सारखाच आहे. देशाने स्वतःच्या तरुणांचा विचार आधी करावा हे कोणीही समजून घेईल. अगोदर चर्चा करणं आवश्यक वाटलं नाही. सहकार्याबद्दल आभार. सहकार्य! मान कापायची, आणि मान स्थिर ठेवली म्हणून आभार मानायचे.

मी ते पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलं, राग थंड होऊ नये म्हणून. नवरा म्हणाला, "कशाला रोज डोळ्यांसमोर? जाऊ दे ना." तो कौन्सिलच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचा आणि सगळंच जाऊ द्यायचा. म्हटलं, तुम्ही जाऊ द्या, मी ठेवते.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात हक्क हा शब्द तीनदा घातला आणि शेवटी नुसती सही केली. सही करताना उजवीकडचा तो कोपरा रिकामा दिसला आणि, लाज वाटते सांगायला, हात एक क्षण अडखळला. सरांकडे नेलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"मी यावर सही करणार नाही. तू पण पाठवू नकोस."

"का सर?"

"पस्तीस वर्षांत आपण नाव कमावलंय. शांत, कामसू लोक म्हणून. ते तुझ्या एका पत्रासाठी घालवायचं?"

"नाव तुमचं राहील सर, आम्ही जाऊ," मी म्हणाले. या वेळी गिळलं नाही. आठातल्या तिघांनीच सही केली. त्या पत्राला उत्तरसुद्धा आलं नाही.

मे महिन्यात मुलीचा वादविवाद झाला. त्या दिवशी मी लवकर घरी होते. ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून स्वयंपाकघरात घुसली.

"आई, आम्ही जिंकलो! मिस म्हणाली, बेस्ट मिनिस्टर!"

मी तिला जवळ घेतलं. काय बोललीस, सांग तरी, म्हटलं. ती ओट्याला टेकून, हात मागे बांधून मंत्र्यासारखी उभी राहिली आणि बोलू लागली. वसाहतींनी केलेल्या सेवेची सरकारला जाणीव आहे. नियम सर्वांना सारखाच आहे. देशाने स्वतःच्या लोकांचा विचार आधी करावा हे कोणीही समजून घेईल. मला कळायला दोन वाक्यं लागली. मग मी फ्रिजकडे पाहिलं.

"तू त्यातलं घेतलंस?"

"हो! तो लेटर खूप गुड आहे, आई. कॉलनीच्या टीमला काही आन्सरच नाही आला. एकदम गप्प."

मी ते पत्र ओढलं. चुंबक खाली पडून फुटला. पत्राचे मी इतके तुकडे केले की शेवटी बोटांत धरायला काही उरलं नाही. तोंडाने काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुझ्या आईचं पोट कापणारी सुरी घेऊन तू शाळेत बक्षीस मिळवलंस, असं काहीतरी बोलले. बारा वर्षांच्या पोरीला. ती रडायला लागली.

"तूच म्हणाली होती, समोरच्याचं नीट वाच, मग जिंकशील. मी वाचलं."

म्हणाले होते खरं. जेवायला त्या दिवशी कोणीच बसलं नाही.

जूनमध्ये उत्तरं येऊ लागली. सतरा ठिकाणी अर्ज केले होते, मुलाखतीला एकानेही बोलावलं नाही. एका ठिकाणच्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं की आम्ही तुमच्या गठ्ठ्यातले अर्ज उघडलेच नाहीत. निदान खरं तरी बोलल्या. आमच्याच हॉस्पिटलने मात्र एक जागा देऊ केली. काम तेच, थिएटर तेच, रात्रपाळ्या त्याच, फक्त शिकवणार नाहीत, पुढे चढता येणार नाही आणि परमिट दर वर्षी नव्याने मागायचं. सर म्हणाले, घे, नशीब समज. नवरा म्हणाला, घ्या, पोरीची शाळा तरी सुटणार नाही.

मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं मी खाणार नाही, असं ठणकावून सांगितलं. ते स्वाभिमानाने बोलले की नुसत्या रागाने, याचा विचार केला नाही. नवरा दोन दिवस माझी समजूत काढत राहिला आणि तिसऱ्या दिवशी, नेहमीप्रमाणे, जाऊ दे म्हणाला. तिकिटं बघितली. नागपुरात माझ्या जुन्या कॉलेजला पत्र टाकलं. मग रविवारी, वरणभाताच्या जेवणावर, मुलीला सांगितलं की ऑगस्टअखेर आपण परत जातोय.

तिने चमचा खाली ठेवला.

"कोणी ठरवलं?"

"आम्ही."

"मला नाही विचारलं."

"तुला काय विचारायचं त्यात? तू लहान आहेस."

"मी पण या घरात राहते ना? माझी शाळा आहे इथे. माझे फ्रेंड्स आहेत. मी सातची होते तेव्हा पण नाही विचारलं. तेव्हा मला नागपूर पाहिजे होता, तर तू इथे आणलं. आता मला इथे पाहिजे, तर तू तिथे नेते."

"तुझ्या भल्यासाठीच करतोय सगळं."

"ते पण असंच म्हणायचे," ती म्हणाली. "कॉलनीला. ते स्वतःला काय म्हणायचे माहितीये? मदर कंट्री. मदर म्हणजे आई ना? आम्ही आई आहोत, आम्हाला कळतं, तुम्ही ऐका. बुकमध्ये आहे, दाखवू?"

नवऱ्याने मध्ये पडायला म्हणून सुचवलं, "बरं, आपण तिघं मत घेऊ या का?"

"टू अगेन्स्ट वन होणार, बाबा," ती म्हणाली. "मग कशाला विचारता?"

मी तिला मारलं. एक थप्पड, गालावर. तिच्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची. राग सरकारचा होता, सरांचा होता, सतरा न उघडलेल्या पाकिटांचा होता, आणि तो पडला तिच्या गालावर, कारण त्या टेबलावर माझ्यापेक्षा लहान तेवढीच होती. ती रडली नाही. उठून ताट सिंकमध्ये ठेवलं, नीट धुतलं आणि आपल्या खोलीत गेली. आजही मला वाटतं की तिने ते ताट फोडलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही परत आलो. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, कोणाकोणाला काही मिळालंही असं ऐकलं, पण तोवर मी नागपूरच्या एका हॉस्पिटलात भूल देत होते. मुलीने सहा वर्षांत एकदाही तक्रार केली नाही. मराठीत काठावर पास झाली, बाकीच्यात वर्गात पहिली यायची. सांगितलेलं सगळं ऐकायची. नातेवाईक म्हणायचे, किती गुणाची पोर, आणि मला ते ऐकवत नसे. अशी शांतता मी कार्डिफच्या रविवारच्या त्या दिवाणखान्यात पाहिली होती, पोह्यांच्या बशांभोवती.

अठराव्या वर्षी तिने एडिनबराला प्रवेश मिळवला. फॉर्म स्वतः भरले, स्कॉलरशिप स्वतः शोधली, व्हिसाच्या मुलाखतीला एकटी मुंबईला जाऊन आली. सगळं झाल्यावर आम्हाला सांगितलं. ज्या देशाने मला दारात उभं केलं नाही त्या देशात पोरगी चाललेली पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला विचारलं का, हे वाक्य अगदी ओठांवर आलं. कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

निघायच्या दिवशी ती देवाला आणि आम्हा दोघांना वाकून नमस्कार करून दारात उभी राहिली. आपल्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात, आणि हे तिला आता चांगलं माहीत होतं.

"जाते," ती म्हणाली.

"येते म्हणावं गं," तिचे बाबा म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "जाते, आई," ती म्हणाली, आणि बॅग स्वतःच उचलून जिना उतरली.